दिवस भरण्याआधी बाळ आलं तर? माहिती आधीच मोबाइलवर हवी

गोड बातमी कळली की आजकाल डॉक्टरांच्या फाइलबरोबर आणखी एक गोष्ट सुरू होते. मोबाइलवर ॲप येतं. शेवटच्या पाळीची तारीख टाकली की ते दर आठवड्याला सांगत राहतं, बाळ आता लिंबाएवढं झालं, आता आंब्याएवढं, आता पपईएवढं. नवरा ऑफिसमधून मेसेज करून विचारतो, ‘‘या आठवड्यात कोणतं फळ?’’ छान वाटतं हे सगळं. पण फळांच्या या यादीत एक प्रश्न सहसा येत नाही. ३०व्या आठवड्यात, रात्री दोन वाजता, पोट घट्ट होऊन कळा यायला लागल्या तर काय करायचं?

हा प्रश्न घरात काढून बघा. ‘‘शुभ बोल गं’’ असंच उत्तर मिळेल. त्यामुळे होतं काय, की बहुतेक आईवडील अवेळी प्रसूतीबद्दल पहिल्यांदा ऐकतात ते थेट लेबर रूमच्या दारात. समोर डॉक्टर घाईघाईत इंजेक्शन, एनआयसीयू, दुसऱ्या हॉस्पिटलला हलवणं असं बरंच काही सांगत असतात आणि सही करायला कागद पुढे केलेला असतो. त्या क्षणी कानावर पडलेल्यातलं निम्मंही डोक्यात शिरत नाही.

बरं, ही गोष्ट दुर्मीळ आहे का? अजिबात नाही. २०२०मध्ये जगभरात साधारण १ कोटी ३४ लाख बाळं वेळेआधी जन्मली आणि त्यातली सुमारे ३० लाख एकट्या भारतात. म्हणजे आपल्या देशात जन्मणाऱ्या साधारण आठ बाळांमागे एक. तुमच्या सोसायटीत, चाळीत, नात्यात असं एखादं तरी मूल नक्की असेल. शांतपणे आधीच कळायला हवी अशी ही माहिती आहे आणि ती पोहोचवायला हातातल्या मोबाइलइतकं सोयीचं साधन दुसरं नाही. मात्र, तो काय सांगतो आणि कुणाच्या कानाशी असतो, यावर बरंच अवलंबून आहे.

महिन्यांत नको, आठवड्यांत मोजा

आपल्याकडे गर्भारपण महिन्यांत मोजतात. ‘सातवा लागला’, ‘नववा लागला’ ही आपली भाषा. डॉक्टर मात्र आठवड्यांत बोलतात. या दोन हिशोबांमध्ये मोठी गल्लत होते.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ हे अवेळी जन्मलेलं, म्हणजे प्रीमॅच्युअर. आता गणित करा. आठ महिने पूर्ण होऊन नववा लागतो तेव्हा जेमतेम ३५ आठवडे होत असतात. ‘‘नववा लागलाय, आता कधीही झालं तरी चालेल’’ असं आपण म्हणतो तेव्हा बाळाला अजून किमान दोन आठवडे हवे असतात. ३४ ते ३६ आठवड्यांत जन्मलेली बाळं दिसायला गुटगुटीत असू शकतात, पण त्यांना दूध ओढायला जड जातं, कावीळ लवकर होते, अंग पटकन गार पडतं. २८ ते ३२ आठवड्यांतल्या बाळांना बहुतेक वेळा श्वासासाठी मदत लागते. २८च्या आधीची बाळं सर्वांत नाजूक.

माझ्या मामेबहिणीचं डोहाळजेवण इंदूरला झालं. झोपाळा, फुलांचे दागिने, हिरवी साडी, वाटीखालचा पेढा की बर्फी, सगळं साग्रसंगीत. तिथे एका काकूंनी अगदी ठामपणे सांगितलं, ‘‘सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं नाही जगत.’’ आणि चार-पाच जणींनी माना डोलावल्या. हा समज फार जुना आहे आणि फक्त आपल्याकडचा नाही, जगात अनेक ठिकाणी तो आहे. पण तो पूर्णपणे चुकीचा आहे. आईच्या पोटात मिळालेला प्रत्येक जादाचा आठवडा बाळाची जगण्याची शक्यता वाढवतो. आठव्यातल्या बाळाची बाजू सातव्यातल्यापेक्षा भक्कमच असते. ‘आठव्यातलं जगत नाही’ या समजापायी घरच्यांनी धीर सोडला, दवाखान्यात न्यायला उशीर केला तर मात्र नुकसान खरं होतं.

म्हणून ॲप वापरत असाल तर फळापेक्षा आठवड्याच्या आकड्याकडे लक्ष द्या. तोही शेवटच्या पाळीवरून काढलेला असतो, पाळी अनियमित असेल तर चुकू शकतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत आलेली तारीख सर्वांत भरवशाची. डॉक्टरांना विचारून तीच ॲपमध्ये टाका. आणि हो, मुहूर्त बघून सिझेरियनची तारीख काढणाऱ्यांनाही हा हिशोब सांगा. वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी सिझेरियन करू नये असं स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात, मग पंचांगात काहीही असो.

फोनवरच्या डॉ. अनिता

स्मार्टफोन, इंटरनेट, इंग्रजी ॲप हे सगळं ज्यांच्याकडे आहे त्यांचं ठीक. पण ज्या बाईकडे साधा बटणांचा फोन आहे, वाचता येत नाही, तिचं काय? भारतात या प्रश्नावर शोधलेलं उत्तर मला तरी फार आवडतं. तिला मेसेज पाठवायचा नाही, तिला फोनच करायचा.

२०१६मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने ‘किलकारी’ ही सेवा सुरू केली. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे एकूण ७२ ध्वनिमुद्रित संदेश. पैसे लागत नाहीत. गर्भारपण, बाळंतपणाची तयारी, बाळाचं पोषण, लसीकरण, दोन मुलांमधलं अंतर, असे विषय डॉ. अनिता नावाचं काल्पनिक पात्र समजावून सांगतं. सरकारी आरोग्य केंद्रात नाव नोंदवताना दिलेला मोबाइल नंबर यासाठी वापरला जातो. हिंदी, भोजपुरी, ओडिया, आसामी, बंगाली, तेलुगू अशा भाषांत सुरू असलेली ही सेवा २०२४मध्ये महाराष्ट्र आणि गुजरातमध्येही आली, त्यामुळे आता ती मराठीत आहे.

त्याही आधी मुंबईत असाच प्रयत्न सुरू झाला होता. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८मध्ये ‘अरमान’ ही संस्था काढली. तिच्या ‘एममित्र’ या सेवेत वस्तीतल्या आणि सरकारी रुग्णालयांतल्या गर्भवतींची नोंदणी होते. त्यातली एक छोटीशी गोष्ट फार शहाणपणाची आहे. फोन कोणत्या वेळी यावा हे त्या बाईला विचारलं जातं. पाणी भरायच्या वेळी, किंवा नवरा फोन घेऊन कामाला गेलेला असताना आलेला फोन काय कामाचा? पुढे ‘किलकारी’ चालवण्याची जबाबदारीही याच संस्थेकडे आली.

तरीही बऱ्याच जणी काही आठवड्यांनी फोन उचलणं सोडतात. कंटाळा येतो, नंबर बदलतो, घरच्यांना आवडत नाही. अशा वेळी माणसाने स्वतः फोन करून बोललं तर फरक पडतो, पण संस्थेकडे माणसं किती असणार? मग हार्वर्डचे प्राध्यापक मिलिंद तांबे आणि गूगलच्या भारतातल्या संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आधार घेतला. कोणत्या बायका फोन ऐकणं सोडण्याच्या बेतात आहेत आणि त्यातल्या कुणाला आत्ता फोन केला तर उपयोग होईल, हे संगणक सुचवतो. २३,००० महिलांवर केलेल्या चाचणीत फोन ऐकणं सोडण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं. एआयबद्दल रोज इतकं काय काय ऐकतो आपण, त्यात हा उपयोग मला सगळ्यात साधा आणि सगळ्यात कामाचा वाटला.

फोन म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही खरं. मध्य प्रदेशात पाच हजारांहून अधिक महिलांवर ‘किलकारी’चा नीट शास्त्रीय अभ्यास झाला. सहा महिने फक्त आईचं दूध देण्याच्या प्रमाणात काहीच फरक दिसला नाही. तात्पुरती गर्भनिरोधक साधनं वापरण्याचं प्रमाण मात्र वाढलं. वरवर पाहता हा वेगळाच विषय वाटेल, पण लागोपाठची बाळंतपणं हे अवेळी प्रसूतीचं एक महत्त्वाचं कारण आहे. आधीचं बाळंतपण आणि पुढची गर्भधारणा यांत किमान दोन वर्षं असावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अमेरिकेतलं ॲप मिश्रीबद्दल कसं बोलणार?

परदेशातही यावर काम चाललंय. अमेरिकेत मिलवॉकी इथल्या मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमधल्या डॉक्टरांनी ‘प्रीमी प्रेप फॉर पेरेंट्स’ नावाचं ॲप तयार केलं. घाईच्या वेळी सांगण्यापेक्षा, गर्भारपणातच अवेळी जन्माबद्दल थोडं थोडं, छोट्या व्हिडिओंमधून सांगायचं, ही त्यामागची कल्पना. कल्पना उत्तम आहे. पण असं ॲप जसंच्या तसं उचलून आपल्याकडे चालणार नाही.

एकच उदाहरण घ्या. तिकडची ॲप्स सिगारेट आणि दारू सोडायला सांगतात. आपल्याकडची गर्भवती ते वाचून म्हणेल, ‘‘मी कुठे ओढते?’’ आणि सकाळी मिश्री लावेल. मुंबईत १,२१७ गर्भवतींचा एक अभ्यास झाला होता, तो २००४मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. मिश्री लावणाऱ्या बाईला ते व्यसन वाटतच नाही, दात घासणं वाटतं. म्हणून ‘तंबाखू’ हा शब्द वापरून भागत नाही, ‘मिश्री’च म्हणावं लागतं. आपल्या भाषेतली माहिती म्हणजे नुसतं भाषांतर नव्हे, ते हे असं.

बाकीची कारणंही घरगुती भाषेत सांगता येतात. लघवीला जळजळ होणं हे ‘उष्णता’ म्हणून धणे-जिऱ्याच्या पाण्यावर सोडून देऊ नका, तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यामुळे कळा लवकर सुरू होऊ शकतात. रक्तदाब वाढलेला असणं, जुळी बाळं, आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असणं, फार लहान वयातलं गर्भारपण, यांतलं काही असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. आणि अनेकदा यांतलं काहीही नसताना बाळ लवकर येतं. ‘‘तूच जिना चढलीस म्हणून’’, ‘‘तूच पपई खाल्लीस म्हणून’’ असं त्या आईला म्हणण्याआधी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

कोणती लक्षणं? ३७ आठवड्यांच्या आत पोट ठरावीक अंतराने घट्ट होणं, पाळीसारखं ओटीपोट किंवा कंबर दुखणं, खाली जड वाटणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं. पाणी एकदम वाहिलं तर पाणमोट फुटली हे कळतं, पण ते थेंब थेंबही जाऊ शकतं. यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. कारण एक इंजेक्शन आहे, ज्याचा उपयोग वेळेवरच होतो. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान प्रसूती होईल अशी चिन्हं दिसली तर डॉक्टर आईला डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड देतात. त्याने पोटातल्या बाळाची फुप्फुसं श्वासासाठी लवकर तयार होतात. डेक्सामेथासोनची बारा-बारा तासांच्या अंतराने चार इंजेक्शनं असतात. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिलं इंजेक्शन नर्सबाईंनीही द्यावं, अशी २०१४ची सरकारी सूचना आहे. स्टेरॉइड हा शब्द ऐकून घरचे बिचकतात आणि ‘‘विचार करून सांगतो’’ म्हणतात. हा विचार आधीच, घरी, चहा पिताना झालेला असावा.

फोन कुणाच्या हातात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचं प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के होतं. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांच्या नावाची माहिती नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्यांच्या फोनवर जाते. म्हणून नाव नोंदवताना आशाताईंना किंवा सिस्टरना शक्यतो स्वतःचा नंबर द्या. तो नसेल तर नवऱ्याला सांगून ठेवा, की अमुक वारी असा फोन येतो, तो कापू नकोस. संध्याकाळी स्पीकरवर लावा. सासूबाईंनीही ऐकलं तर उत्तमच. सून म्हणाली तर ‘आजकालच्या मुलींचं काहीतरीच’ वाटतं, तेच फोनवरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या तर पटतं.

नवऱ्यांना मात्र एक वेगळं सांगायचंय. फॅमिली ग्रुपवर येणारे फॉरवर्ड तिला पाठवू नका. केशराचं दूध, तूप प्यायल्याने सुलभ प्रसूती, अमुक कुशीवर झोपल्याने मुलगा... त्यापेक्षा तिचं ॲप तुमच्याही फोनवर घ्या आणि आज कितवा आठवडा चाललाय ते न विचारता सांगता येतं का बघा.

माहेरी जाण्याआधी

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. डोहाळजेवण झालं की मुलगी निघते. बेंगळुरूहून साताऱ्याला, सुरतहून जळगावला, दिल्लीहून ग्वाल्हेरला. नेमकी हीच वेळ अवेळी प्रसूतीचा विचार करायची. गाव बदलतं, डॉक्टर बदलतात, आणि फाइल कधीकधी सासरच्या कपाटातच राहते.

निघण्याआधी सगळ्या सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्डाचं पानन्‌पान यांचे फोटो काढून नवरा, आई आणि तुम्ही अशा तिघांच्या फोनमध्ये ठेवा. पहिली सोनोग्राफी सर्वांत वर. तिकडच्या डॉक्टरांना फोनवरच विचारून घ्या, ‘‘३२व्या आठवड्यात कळा आल्या तर तुमच्याकडे सोय आहे का, की कुठे जावं लागेल?’’ त्यांना राग येणार नाही. जवळचा एनआयसीयू किंवा सरकारी जिल्हा रुग्णालयातला नवजात शिशू विभाग किती किलोमीटरवर आहे ते मॅपवर बघून ठेवा. १०८ आणि १०२ हे नंबर सेव्ह करा. खासगी एनआयसीयूचा खर्च दिवसाला हजारोंत जातो, तेव्हा विम्यात नवजात बाळ पहिल्या दिवसापासून धरलंय का तेही आत्ताच वाचा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावरचे उपचार मोफत असतात, हे खूप जणांना माहीतच नसतं.

बाळ पेटीत असताना

बाळ ‘पेटीत ठेवलंय’ म्हटलं की घरात रडारड सुरू होते. पण पेटीइतकीच, किंबहुना जास्त, उपयोगाची गोष्ट आईकडे असते, ती म्हणजे तिची छाती. कांगारू पद्धत १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी उभं बांधून ठेवायचं. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, जन्मल्याबरोबर हे सुरू केल्याने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू एक चतुर्थांशाने घटले. दिवसाचे ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं. सिझेरियन झालेली आई उठू शकत नसेल तर वडिलांनी, आजीनेही करावं. याचे व्हिडिओ सातव्या महिन्यातच एकत्र बसून बघा, म्हणजे नर्सने ‘‘शर्ट काढा’’ म्हटल्यावर बाबा भांबावणार नाहीत.

आईचं दूध लगेच आलं नाही तर दूध बँकेबद्दल विचारा. आशियातली पहिली दूध बँक १९८९मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली होती, आता अनेक शहरांत त्या आहेत.

घरी सोडताना फोनमध्ये दोन गोष्टी करा. पहिली, बाळाच्या डोळ्यांच्या तपासणीचा अलार्म. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. बाळ बघायला येणाऱ्यांच्या गर्दीत ही तारीख निसटते आणि नजर जाऊ शकते. दुसरी, बाळाच्या वाढीचं ॲप लावणार असाल तर त्यात जन्मतारखेऐवजी डॉक्टरांनी आधी दिलेली प्रसूतीची तारीख टाका. दोन महिने आधी आलेलं बाळ सहाव्या महिन्यात चार महिन्यांच्या बाळासारखंच वागेल, आणि तेच बरोबर आहे. नाहीतर ॲप दर आठवड्याला विचारत राहील, ‘‘बाळ बसायला लागलं का?’’ आणि शेजारच्या काकूही तेच विचारतील. लसींसाठी मात्र खरी जन्मतारीखच धरायची.